चोवीस शब्द आणि मोना म्हैस

मंगळवार पेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ आता कुणी आणत नाही, पण पाटी काढली तर तिच्यामागची भिंत खाली येईल, म्हणून दुकान चालू आहे. याच दुकानात मी एकदा एक रेडिओ इतका चांगला दुरुस्त केला की तो उद्याच्या बातम्या आजच सांगायला लागला. मालक तिसऱ्या दिवशी परत घेऊन आला. म्हणाला, "आण्णा, होता तसा बिघडवून द्या. बायको सैपाक करंना झालीया. म्हणती, उद्याचं ऐकलंय, उद्या तुम्ही हाटेलातच जेवताय."

खोटं वाटत असेल तर बाळासोला विचारा. तो खोटंच आहे म्हणेल, पण विचारा. बाळासो म्हणजे एसटीतला रिटायर कंडक्टर. नोकरीत असताना त्याला कधी खिडकीची जागा मिळाली नाही, त्याचा वचपा म्हणून गेली अकरा वर्षं तो माझ्या दुकानाच्या दारातल्या खुर्चीवर बसून रस्ता बघतो, आणि मी काही बोललो की मागं न बघता "सोडा, आण्णा, सोडा" म्हणतो.

तर गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या गल्लीतली विद्याश्री दुकानात आली. काखेत कॉम्प्युटरचा डबा, डोक्यावर स्क्रीन, दाताखाली वायर. सगळं माझ्या टेबलावर मांडलं आणि म्हणाली, "आण्णा, ह्याचं यूएसबीचं भोक बिघडलंय. सोल्डर मारून द्या. पाचच्या आत."

"पाचच्या आत काय हाय?"

"पाचला मोना सांगलीला जातीया."

बाळासोनं खुर्ची आत फिरवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मोना कोण ते सांगितलं पाहिजे. विद्याश्रीची आई मल्लव्वा म्हशी पाळते. संकेश्वरकडचं माहेर, त्यामुळं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि रागात सगळंच कानडी. रोज सकाळ-संध्याकाळ ती म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर उभी राहते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देते. तिच्याकडं मोना नावाची म्हैस होती. तिचं दूध एवढं दाट, की मी एकदा पेल्यात चमचा उभा केला आणि चमचा काढायला सुतार बोलवावा लागला. विद्याश्रीला कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं शिकायचं होतं. कॉम्प्युटर पाहिजे होता. मल्लव्वानं चार म्हशींतून मोनाच विकली, कारण किंमत तिलाच होती. हातकणंगल्याच्या आकारामनं ती घेतली.

मग पोरीनं त्या कॉम्प्युटरवर काय काढावं? मोनाच काढली. गॉगल लावलेली मोना, बुलेटवर बसलेली मोना, चंद्रावर रवंथ करणारी मोना. ती चित्रं परदेशातल्या कुणा साहेबाला एवढी आवडली की त्यानं सगळी विकत घेतली आणि पैसे दिले ते ऑनलाइन नाण्यांत, ज्याला क्रिप्टो म्हणतात. किती, ते मला विचारू नका. मी विचारलं नाही. बाळासोनं तीनदा विचारलं, तिनं सांगितलं नाही.

आणि त्या दिवशी सकाळी आकारामचा फोन आला होता. मोना विकायची आहे, सांगलीची पार्टी टेम्पो घेऊन येतेय. "पयला हक्क तुमचा. पाचपतूर पैसं आलं तर मोना तुमची. न्हाय तर पाच वाजून पाच मिंटांनी ती सांगलीकर."

"आन् अव्वा कुठाय तुझी?" मी विचारलं.

"शिंगाला लावायचा रंग आणाय गेलीया. गोठा पहाटंच सारवून ठेवलाय. तिला वाटतंय, पैसे म्हंजे नळ हाय, सोडला की आलं."

तिनं खिशातून एक वस्तू काढली. अंगठ्याएवढी, पेनड्राइव्हसारखी, इवलीशी काच आणि दोन बटणं. "ही माझी किल्ली. हार्डवेअर वॉलेट. ही जोडल्याबिगर नाणी हलत न्हाईत. आन् जोडली तर कॉम्प्युटरला दिसतच न्हाय. सकाळपासनं पन्नास येळा काढून घातली."

मी जोडून बघितली. काच उजळली. म्हणजे जीव होता. पण कॉम्प्युटर ढिम्म. मी भोकात फुंकर मारली, कापसानं स्पिरिट लावलं, कान लावून ऐकलं.

"काय म्हणतंय?" बाळासो म्हणाला.

"वीज येतीया, पण निरोप जाईना."

मग मी मीटर काढला आणि वायरच तपासली. पन्नास वर्षांच्या धंद्याचं सार सांगतो: यंत्राला दोष द्यायच्या आधी वायरीकडं बघावं. वायरीच्या पोटात चार तारा पाहिजेत. दोन खायला, दोन बोलायला. हिच्यात दोनच निघाल्या.

"पोरी, ही वायर कशाची?"

"गळ्यात घालायच्या पंख्याची. स्वस्तातला हाय, ऐंशी रुपयाचा."

"मग हिला बोलायचं ठाऊकच न्हाय. ही नुसतं जेवायला घालती."

"आमच्या जावयावाणी," बाळासो म्हणाला. "जेवतोय झकास, बोलत कायच न्हाय."

आता बोलणारी वायर कुठून आणायची? दिवाळीमुळं मोबाइलवाल्याचं दुकान बंद, तो गावाला गारगोटीला. मी माझी पेटी उपसली. तिच्यात ट्रान्झिस्टर निघाले, वॉल्व्ह निघाले, वायर काही निघाली नाही. तेवढ्यात विद्याश्रीचं लक्ष रस्त्यावर गेलं. बाळासोच्या स्कूटरच्या डिकीचं कुलूप तुटलंय, आणि डिकी त्यानं एका काळ्या वायरीनं बांधून ठेवलीय.

"काका, ती वायर कशाची?"

"ती व्हय? जुन्या मोबाइलसंगं आल्याली. लई मजबूत. तिला हात लावू नगा."

पण पोरगी पोचलीसुद्धा. गाठ सोडली, डिकी आपोआप उघडली आणि आतून स्टीलचा डबा घरंगळत रस्त्यावर आला. डब्यात बेसनाचे सहा लाडू. बाळासोला साखर आहे, आणि त्याची बायको चिमणाबाई घरातले लाडू रोज मोजते.

"हे माझं न्हवंच," बाळासो म्हणाला.

"मग आम्ही खातो," मी म्हणालो. पुरावा नष्ट करायला आम्हा तिघांना दोन-दोन आले.

वायर जोडली आणि कॉम्प्युटरनं 'टुंग' केलं. असा गोड आवाज मी आयुष्यात दोनदाच ऐकलाय. दुसऱ्यांदाचा सांगत नाही, बायको अजून आहे.

पण आनंद लाडवाएवढाच टिकला. कॉम्प्युटरवर पाटी आली: वॉलेटचं आतलं सॉफ्टवेअर जुनं झालंय, अपडेट करा, त्याशिवाय पुढं जाता येणार नाही. साहजिक होतं. दोन वर्षांत तिनं ते उघडलं नव्हतं. विद्याश्रीनं दोन्ही बटणं एकदम दाबली. पट्टी सरकायला लागली. दहा टक्के, तीस, पन्नास, सत्तर. आणि सत्तरवर थांबली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. घड्याळात पावणेदोन.

"गडहिंग्लजच्या गाडीवानी झालंय," बाळासो म्हणाला. "घाटात चढली, आन् डायवर च्या प्यायला उतरला."

"हात लावू नगा हां कुणी," विद्याश्री म्हणाली. "मधीच काढायचं नसतंय."

आता मी कबूल करतो. मी हात लावला. चूक माझी नाही, पन्नास वर्षांची सवय आहे. रेडिओ अडला की त्याला पाठीत एक हलकी चापट द्यायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं औषध. मी डब्याला चापट दिली. काच विझली.

विद्याश्री माझ्याकडं बघत राहिली. बाळासो माझ्याकडं बघत राहिला. मी पाटीमागच्या भिंतीकडं बघत राहिलो.

"विझली म्हंजे समजलं की!" मी म्हणालो. "नुसत्या चापटीनं विझती, म्हंजे पुढचं भोक सैल हाय. मागं घाल. पुढचं भोक पावण्यांसाठी असतंय, मागचं घरच्यांसाठी. ते थेट मदरबोर्डाला हाय." हे मी त्या क्षणी शोधून काढलं, पण खरं निघालं. डब्याच्या मागच्या बाजूला वॉलेट घट्ट बसलं. मग स्क्रीनकडं बघून मी विचारलं, "आन् हे दुसरं काय उघडं हाय मागं?"

ब्राउझरची दुसरी खिडकी उघडी होती, आणि तीही त्याच वॉलेटला धरून बसली होती. एका जात्याला दोन सुना, दोघी उलट्या दिशेनं ओढतायत. पीठ कुठलं पडायला? विद्याश्रीनं ती बंद केली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दहा, तीस, पन्नास, सत्तर. सत्तरला आम्ही तिघांनी श्वास रोखून धरला. बाळासोनं तर टोपी काढली. ऐंशी. शंभर!

वॉलेटच्या काचेवर इंग्रजीत अक्षरं उमटली. बाळासोनं चष्मा पुसून वाचलं, "वेल-कम. स्वागत करालंय की! बेस झालं."

पण विद्याश्री मटकन स्टुलावर बसली. "आण्णा, हे कोरं झालं. कोऱ्या डब्यालाच वेलकम म्हणतंय. मागच्यातलं कायच राह्यलं न्हाय."

"माझ्या चापटीनं?"

"चापटीनं, न्हाय तर अर्ध्या अपडेटनं. आता काय फरक पडतोय?"

मला एकाएकी म्हातारपण आलं. पण ती तशी चिवट पोरगी, मल्लव्वाचीच. उठली. "नाणी कुठं गेली न्हाईत. ती ह्यात नसत्यातच. ही नुसती किल्ली. चोवीस शब्द हाईत माझ्याकडं, ते क्रमानं घातलं की किल्ली परत तयार होती."

"कळलं," मी बाळासोला सांगितलं. "रान काय सातबाऱ्याच्या कागदात नसतंय. कागद भिजला तरी रान तिथंच. तलाठ्याकडनं दुसरा काढायचा."

"हितला तलाठी कोण?"

"ते चोवीस शब्द," विद्याश्री म्हणाली. "गोठ्यात ठेवल्यात. आलो मी." आणि पळाली.

ती गेली आणि बाळासोनं मदत करायचं ठरवलं. त्यानं मोबाइलवर काहीबाही शोधलं, कुठला तरी मदतीचा नंबर मिळाला, लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून साखरेच्या पाकात घोळलेलं हिंदी आलं. "नमस्कार सर, वॉलेट की समस्या है? बस एक मिनट में ठीक हो जाएगा. आप वो चौबीस शब्द बताइए."

मला ते शब्द काय ठाऊक नव्हते, पण एक गोष्ट ठाऊक होती. कुलूप दुरुस्त करणारा आधी तिजोरीची किल्ली मागायला लागला तर तो कुलुपासाठी आलेला नसतो. मी फोन हातात घेतला.

"लिखो, साहेब. पहिला शब्द, खर्डा."

"स्पेलिंग, सर?"

"जैसा तिखा लगता है वैसा. दुसरा, दावण. तिसरा, कासरा. चौथा, वैरण."

लिहीत गेला बिचारा. मी त्याला पेंड दिली, शेण दिलं, गोठ्यातलं सगळं दिलं. बाविसाव्या शब्दाला 'लेका' म्हणालो, तेविसाव्याला 'तू' आणि चोविसाव्याला 'गंडलास'. "अब एक बार जोर से पढ़के सुनाओ, गलती नको." आणि त्यानं खणखणीत आवाजात शेवटपर्यंत वाचलं. 'लेका तू गंडलास' म्हणताना तर त्याचा सूर असा लागला की बाळासो खुर्चीवरून खाली आला.

तेवढ्यात विद्याश्री दारात. फोनवर 'शब्द' ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "कुणाला सांगितलं शब्द?"

"म्हशीच्या चाऱ्याची यादी दिली गं," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

"त्यो नंबर फोनमधनं काढून टाका, काका. शब्द जो मागतोय त्यो चोर. मग कंपनीचं नाव सांगू दे, न्हाय तर देवाचं."

तिच्या हातात एका जुन्या लग्नपत्रिकेची पाठ होती. दोन वर्षांपूर्वी वॉलेटच्या काचेवर इंग्रजी शब्द उमटले, तेव्हा ही शेणात हात घालून बसलेली. म्हणून तिनं नुसता अर्थ सांगितला आणि मल्लव्वानं लिहून घेतलं. आणि मल्लव्वा काही साधी नाही. तिनं विचार केला, की घरात चोर आला तर? म्हणून एक शब्द मराठीत, एक कानडीत, असं मनाला येईल तसं मिसळलं, अक्षरं मात्र सगळी मराठीच. "मराठी चोराला कानडी येत न्हाय, कानडी चोराला मराठी. दोघं मिळून आलं तर मी घरात हाय की," असं तिचं म्हणणं.

"आता दोघं माझ्याकडं पाठ करा," विद्याश्री म्हणाली. "शब्द कुणाला दाखवायचं नसत्यात."

मी भिंतीकडं तोंड केलं, बाळासोनं रस्त्याकडं. ती एकेका शब्दाचं परत इंग्रजी करत होती आणि दोन बटणांनी एकेक अक्षर निवडत होती. टिक, टिक, टिक. चाळीस मिनिटं. मधेच "हे कानडी... हां, आलं ध्यानात," असं पुटपुटायची आणि मी जोरात खोकायचो, आपल्या कानावर पडायला नको म्हणून. शेवटी टिक थांबली.

"चूक म्हणतंय," ती म्हणाली. "शब्द सगळं घेतलं त्यानं, एकालाबी न्हाय म्हटलं न्हाय. आन् शेवटाला म्हणतंय जुळत न्हाय."

पुन्हा पहिल्यापासून. टिक, टिक. पुन्हा चूक. घड्याळात सव्वाचार. बाहेर फटाक्याची माळ लागली आणि आमच्यापैकी कुणी तिकडं बघितलंसुद्धा नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. "अव्वानं माझ्यापायी म्हैस विकली. आता दारात आलेली माझ्यापायी जाणार."

आणि त्याच वेळी मल्लव्वा आली. एका हातात रंगाचे डबे, दुसऱ्या हातात झेंडूच्या माळा, कानाला मोरपिसांचा झुपका अडकवलेला, कारण तिसरा हात नव्हता.

"काय गं? झालं न्हवं? आकारामला पाठिवलं पैसं? मी मोनाच्या गळ्यात बांधाय नवी घाटबी आणली बघ, मोठ्ठी घंटा."

"न्हाय गं अव्वा. शब्द जुळंनात."

"जुळंनात? माझं अक्षर कळंना व्हय?"

"अक्षर कळतंय. एकेक शब्द बघून घातलाय. मिझरीसकट सगळं बरोबर हाय."

"मिझरी?" बाळासो पाठमोराच म्हणाला. "ही कुठली मिसरी? दाताला लावायची?"

"मिसरी न्हवं, काका. मिझरी. इंग्लिशमधी हाल. हाल-अपेष्टा म्हणतोय न्हवं आपण, त्येच."

मल्लव्वानं रंगाचे डबे खाली ठेवले. "कुठं लिवलंय मी हाल-अपेष्टा? सणासुदीचं मी असलं लिहीन व्हय?"

"हे बघ की. अकरावा. हाल."

मल्लव्वानं पत्रिका हातभर लांब धरून बघितली. मग लेकीकडं असं बघितलं, जसं ती पेला न धुता आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघते.

"यव्वा! आगं, हाल म्हंजे हालु! दूध की गं! कानडीत लिवलंय. जलमभर पिऊन वाढलीस आन् इचारतीस हाल म्हंजे काय?"

मग विद्याश्रीच्या तोंडून एक किंकाळी निघाली. "मिल्क! मिल्क होतं ते!" तिच्या घरात रोज 'दूध' म्हणतात, हालु म्हणायची ती मल्लव्वा फक्त आपल्या बहिणीशी फोनवर. आणि त्या यंत्राच्या यादीत मिल्कही आहे आणि मिझरीही आहे, म्हणून त्यानं बिनतक्रार घेतलं. मराठीत ज्याला हाल म्हणतात, तेच चार कोसांवर जाऊन कानडीत दूध होतं. आम्ही सगळा दिवस चुकीच्या बाजूनं वाचत होतो.

"पाठ करा!" ती ओरडली. आम्ही पाठ केली. मल्लव्वानंही केली, कारण ओरडणं तसं होतं. टिक, टिक, टिक. हा आवाज वाढत्या फटाक्यांतून ऐकत आम्ही तिघं भिंतीकडं तोंड करून उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. आता तिचा हात बसला होता. पावणेपाच. टिक. पाचला दहा कमी.

"उघडलं!"

मल्लव्वानं बाळासोच्या गळ्यात मोनाची माळ घातली. चुकून, पण घातली. त्यानं ती रात्रीपर्यंत काढली नाही.

तरी काम संपलं नव्हतं. विद्याश्रीनं नाणी ऑनलाइन बाजारात पाठवली; तिथं ती विकायची, रुपये बँकेत यायचे, बँकेतून आकारामच्या मोबाइलवर. आणि नाण्यांना पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, जगभरच्या कॉम्प्युटरांनी 'व्हय, बरोबर हाय' म्हणेपर्यंत. घड्याळात पाचला पाच कमी.

मी आकारामला फोन लावला.

"आण्णा, पैसं कुठं हाईत? टेम्पो दारात हुबा हाय. सांगलीकर दोर सोडाय लागल्यात."

"निघालंत. वाटंत हाईत. तवर एक सांग, आकाराम, तुला मोनाच्या आज्जीची गोष्ट ठाऊक हाय का?"

"आज्जीची?"

"पावण्यांनाबी ऐकव. लाव स्पीकर. आपली पंचगंगा फुगली होती आन् पलीकडच्या तीरावर एक नवरदेव अडकला होता. मुहूर्त साडेबाराचा. होडी न्हाय, पूल पाण्याखाली. तवा मोनाच्या आज्जीनं काय केलं?"

"सोडा, आण्णा, सोडा," बाळासो सवयीनं म्हणाला. मल्लव्वानं त्याच्या तोंडात झेंडूचं फूल कोंबलं.

मी नवरदेवाला म्हशीच्या पाठीवर बसवलं. करवल्या शेपटीला धरून आल्या. वाजंत्रीवाला शिंगांत बसला आणि पाण्यातनं पिपाणी वाजवत आला. मधेच मगर आली, तिला म्हशीनं असं काही सुनावलं की मगरीनं अहेर केला. पाच वाजून दोन मिनिटं झाली. पलीकडं सांगलीच्या पार्टीतला एकजण "मग? मग?" म्हणत होता. म्हैस मांडवात पोचली, पण नवरदेवाला खाली उतरवेना. भटजी म्हणतोय मुहूर्त चालला, नवरी हार घेऊन उभी, आणि म्हैस चारी पाय रोवून...

विद्याश्रीनं बोट वर केलं. फोनमधून, हातकणंगल्याहून, 'टिंग' ऐकू आलं.

"आण्णा," आकाराम म्हणाला, "म्हैस का उतरवंना?"

"ते मोनाला घिऊन ये, मग सांगतो. पैसं बघ आधी."

पलीकडं खुसफूस झाली. मग आकारामचा आवाज, हसू दाबलेला. "आलं. पाच वाजून सात मिंटं. दोन मिंटं वरती झाली, पावणं, पर सांगलीकर म्हणत्यात, त्येच टेम्पोतनं म्हैस तुमच्याकडं सोडतो, फकस्त गोष्ट पुरी करा."

त्याच स्टुलावर बसून विद्याश्रीनं नवे चोवीस शब्द घेतले आणि जुने रद्द केले, कारण त्यांतला एक तिनं अख्ख्या पेठेत ओरडून सांगितला होता. बाकीचे तेवीस मला ठाऊक नाहीत. हे मात्र बाळासोलाही पटतं.

दिवेलागणीला टेम्पो गल्लीत आला. दारादारात पणत्या, रांगोळ्या, आणि टेम्पोत मोना. काळीकुळीत, रुंद, शिंगं मागं वळलेली. मल्लव्वा पुढं झाली. "बा, मोना, बा," म्हणाली, म्हणजे कानडीत ये. मोनानं मान फिरवली.

"दोन वर्सं मराठीच ऐकलीया न्हवं," आकाराम ओशाळून म्हणाला.

मराठीत सांगून झालं. पेंड दाखवली. सांगलीकरांनी मागून ढकललं, पुढून ओढलं. म्हैस चारी पाय रोवून उभी. माझी गोष्ट खरी होत असलेली बघून मलाच भीती वाटायला लागली. हातातला रंगाचा डबा मल्लव्वानं खाली ठेवला. "इसरली गं मला," एवढंच म्हणाली.

विद्याश्री घराकडं गेली आणि मल्लव्वाची जुनी लूना ढकलत घेऊन आली. सायलेन्सर कधीच गळालेला. पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात, मालक गाडीवर पुढं आणि म्हैस मागनं, गाडीच्या आवाजावर. आपली गाडी कुठली, हे म्हशीला आवाजावरून कळतं. पोरीनं पायडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लूना अशी कडाडली की पणत्या विझल्या.

मोनाचे कान उभे राहिले.

"अव्वा, बस!"

मल्लव्वा पदर खोचून लूनावर बसली आणि मूठ पिळली. पुढचं एवढ्या वेगानं झालं की टेम्पोची फळी उघडायलाही कुणाला सवड मिळाली नाही. मोना फळीसकट खाली आली आणि लूनामागं सुटली. रस्त्यातली माणसं ओट्यांवर चढली. पोरं ओरडायला लागली, चिमणाबाई खिडकीतून शिट्टी मारायला लागली, आणि मल्लव्वा वळून वळून बघत, हसत, मोठ्यानं कानडीत काहीतरी ओरडत गल्लीच्या टोकाला पोचली, आणि तिच्या मागं मोना, आणि मोनाच्या मागं विद्याश्री, आकाराम, सांगलीकर, गळ्यात झेंडूची माळ घातलेला बाळासो, आणि शहात्तराव्या वर्षी धोतर सावरत मी.

पेठेला पुरा एक वेढा झाला. मोना पहिली आली. दुसरा मी.